टप, साऊंड आणि वीस किलोचं बीड

ट्रॅक्टर घेणं अवघड नाही. त्यावर काय काय चढवायचं हे ठरवताना घरात दोन तट पडतात. आमच्या निफाड-पिंपळगावकडे द्राक्षवाल्याच्या घरी मिनी ट्रॅक्टरचं निघालं की कंपनी कुठली आणि एचपी किती याचा निकाल एका चहात लागतो. वहिनींच्या माहेरी आहे तोच घ्यायचा, किंवा वहिनींच्या माहेरी आहे तो सोडून कुठलाही. खरा वाद त्यानंतर, 'वरच्या सामाना'वर.

शोरूममधला पोरगा हे सामान फार उदार चेहऱ्याने सांगतो. "काका, टूल किट फ्री, टॉप लिंक फ्री, हुक फ्री, बंपर फ्री, ड्रॉबार फ्री." टॉप लिंक फुकट देतो म्हणजे काय देतो, हे विचारायचं धाडस कुणी करत नाही. मागे अवजार जोडायला तीन टोकं असतात, त्यांतलं वरचं टोक म्हणजे टॉप लिंक. ती नसेल तर नांगर, फणी, फवारा यांतलं काहीच जोडता येत नाही. तरीही 'फ्री' म्हटलं की समोरच्या माणसाला पाच-सहा लाखांच्या व्यवहारात आपण काहीतरी उपटलं असं वाटतं, आणि तो सही करतो.

आमच्या थोरल्या चुलत भावाने, म्हणजे दादांनी, चोवीस एचपीचा फोर व्हील घ्यायचा ठरवला. कारण साधं. बागेची लागवड नऊ बाय पाच, म्हणजे दोन ओळींत नऊ फूट, त्यातही दोन्हीकडून फुटवे आत वाकलेले. मोठा ट्रॅक्टर आत घातला तर बागेची छाटणी ऑक्टोबरची वाट न पाहता होते. मिनी ट्रॅक्टर अरुंद, ठेंगणा आणि हलका. साडेसहाशे-सातशे किलोचा मामला. पोरगा पुन्हापुन्हा सांगत होता, "हलका आहे काका, जमीन दाबत नाही. मुळ्यांना हवा मिळते." दादांना ते पटलं. दादांना मुळ्यांबद्दल काहीही सांगितलेलं पटतं.

पहिला खटका टपावरून उडाला. पुतण्याला टप हवा होता, रंगीत आणि झालरीचा. दादा म्हणाले, "बागेत टप घेऊन शिरलास तर पहिल्याच ओळीत मांडवाच्या तारा गळ्यात घेऊन बाहेर येशील." मुद्दा बिनतोड होता. द्राक्षबागेसाठीच्या ट्रॅक्टरचं धुराडंसुद्धा वर न काढता खाली वळवतात, ते काही उगाच नाही. पण वहिनींनी विचारलं, "मग लक्ष्मीपूजनाला उघडाच उभा करायचा का?" टप आला. पूजेला चढला, फोटोत आला, दुसऱ्या दिवशी उतरवून शेडच्या भिंतीला टेकवला, आणि आता त्याच्या आडोशाला कोंबड्या बसतात. त्यांना कधी ऊन लागलेलं मी पाहिलेलं नाही.

साऊंडच्या बाबतीत पुतण्याचा युक्तिवाद वैद्यकीय होता. फवारा मारताना ब्लोअरचा, म्हणजे मागे जोडलेल्या फवारणी यंत्राचा, एकसुरी आवाज कानात बसतो, झोप येते, झोप आली की अपघात. तेव्हा साऊंड ही चैन नाही, सुरक्षा आहे. अडचण एवढीच की ब्लोअरच्या आवाजात साधा साऊंड ऐकू येत नाही, म्हणून मोठा घ्यावा लागला. तो चालवणाऱ्याला अजूनही नीट ऐकू येत नाही. मात्र शेजारच्या तीन प्लॉटांना शब्द न् शब्द कळतो. वहिनींचा एक फायदा झाला. कोणतं गाणं लागलंय यावरून फवारा कितव्या ओळीत आहे हे त्यांना ओट्यावर उभ्यानं समजतं आणि त्या हिशेबाने भाकरी टाकतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शेतीचा खर्च कमी व्हावा असा त्यामागचा हेतू. आमच्या घरात तो हेतू स्पीकर, निळे दिवे आणि बॉनेटवर रंगवलेलं 'आई-वडिलांची पुण्याई' एवढ्यावर खर्ची पडला.

चालकाच्या पाठीमागे उभी राहणारी लोखंडी कमान मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती. ट्रॅक्टर उलटलाच तर माणूस खाली चिरडू नये म्हणून ती असते. बागेतल्या ट्रॅक्टरसाठी दुमडणारीही मिळते. पोरग्याने ती दाखवली तेव्हा दादांनी तिला पाण्याची बाटली अडकवायला कडी आहे का, एवढंच विचारलं.

वजनांचं पान माहितीपत्रकात सर्वांत शेवटी होतं. त्यावर सूर्योदय नव्हता, हसरा शेतकरी नव्हता, डोलणारं शेत नव्हतं. काळ्या बिडाच्या पाच ठोकळ्यांचा एक फोटो होता, प्रत्येकी वीस किलो, बंपरच्या पट्टीवर टांगायचे. दादांनी चष्मा वर केला.

"हे काय करतं?"

"काही नाही करत, काका. नुसतं असतं."

"फ्री?"

"नाही काका. हे विकत."

त्या दिवशी शोरूममध्ये पहिल्यांदा शांतता पसरली. हलका आहे म्हणून जो ट्रॅक्टर घेतला, तो जड करायला वर पैसे मोजायचे, हे दादांच्या कुठल्याच हिशेबात बसेना. सोबत आलेल्या अण्णांनी, म्हणजे आमच्या बांधाच्या शेजाऱ्यांनी, निकाल दिला: "लोखंड विकायचं असलं की हे असं काहीतरी सांगतात." लोखंडाविषयी शेतकऱ्याला संशय येणं आपल्याकडे जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून गिऱ्हाईक त्याला हात लावायला तयार नव्हतं. अण्णा त्या परंपरेतले, फक्त त्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे.

पण नुसत्या असण्याचे पैसे का द्यायचे, हे बागेत पहिला ब्लोअर भरला की कळतं. हिशेब धरा. मागे दोनशे लिटरची टाकी, म्हणजे दोनशे किलो पाणी; वर पंप, पंखा आणि सांगाडा. असा तीनशे किलोचा ऐवज मागच्या आसापासून मीटरभर मागे अधांतरी लटकतो. पुढचा आस मागच्या आसापासून दीड मीटरवर. तर पुढच्या चाकांवरचे दोनशे किलो आपोआप उचलले जातात. साडेसहाशे किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात असतात अडीचशे-पावणेतीनशे. उरले पन्नास-पाऊणशे, म्हणजे स्टिअरिंगला बांधलेला ट्रॅक्टर नव्हे, पुढे बसलेला एक माणूस. ट्रॅक्टरने आपलं ऐकावं असं वाटत असेल तर त्याच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा.

तो नसला की काय होतं हे ओळीच्या टोकाला पाहावं. पुतण्याने ब्लोअर भरून पहिली ओळ संपवली आणि वळायला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. पुढची चाकं आज्ञाधारकपणे वळली. ट्रॅक्टर सरळ गेला. वळलेली चाकं मातीवर अलगद घासत, शेवटच्या अँगलच्या ताणाच्या तारेपाशी येऊन थांबली, कारण पुतण्याने दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले होते आणि तोंडाने देवाचं नाव घेतलं होतं. साऊंड चालू असल्याने कुठल्या देवाचं ते आम्हाला कळलं नाही.

दादांच्या वडिलांना हे सगळं न शिकवता माहीत असणार. बैलगाडी मागून जास्त भरली की ती उलाळ व्हायची, जू वर जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. म्हणून पोती भरणारा माणूस दोन पोती पुढे सरकवून मगच हात झटकायचा. आणि वजनं लावणं म्हणाल तर तेही होतंच. वखराची पास जमिनीत नीट शिरत नसली की वर धोंडा ठेवायचे, आणि धोंडा हाताशी नसला की घरातलं एखादं मूल बसवायचे. मूल धोंड्यापेक्षा सोयीचं. दिवस मावळला की आपलं आपण चालत घरी येतं. आमच्या पिढीतले कितीतरी डॉक्टर, इंजिनिअर आणि निदान एक आमदार अशा कामावर लहानपणी होते. दिवाळीत सगळे जमले की हे अनुभव अभिमानाने सांगितले जातात आणि त्यांची मुलं पोलिसांत तक्रार करायला हवी होती अशा नजरेने आजोबांकडे बघतात.

उसाच्या गावांत अजूनही जिवंत वजनं चालतात. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर पुढून उठायला लागला की तीन-चार जण बंपरवर चढून बसतात. हे अतिशय धोक्याचं आहे आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं आवडत नाही.

ट्रॅक्टरने पुढून उठू नये यासाठी ज्या माणसाने आयुष्य खर्चलं त्याचं नाव हॅरी फर्ग्युसन, उत्तर आयर्लंडचा. १९०९ साली त्याने स्वतः बांधलेलं विमान स्वतः उडवलं होतं, त्यामुळे जमिनीवरून काय वर जावं आणि काय जाऊ नये याचा त्याला दोन्हीकडून अनुभव होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो आयर्लंडमध्ये ट्रॅक्टर आणि नांगरांची पाहणी करत फिरला. त्या वेळी नांगर साखळीने मागे ओढायचे. फाळ दगडात अडकला की नांगर थांबायचा, इंजिन थांबायचं नाही, आणि ट्रॅक्टर पुढून उभा राहून चालकाच्या अंगावर यायचा. तोवरचा उपाय एकच होता, ट्रॅक्टर आणखी जड करा. फर्ग्युसनने उलटा विचार केला. त्याने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला असा जोडला की मातीचा विरोध वरच्या दांडीतून पुढे ढकलला जातो; तो पुढचं तोंड खाली धरतो आणि मागच्या चाकांवर भार आणतो. नांगर स्वतःच वजनाचं काम करू लागला, आणि ट्रॅक्टर हलका करता आला. ती वरची दांडी म्हणजे शोरूमचा पोरगा फुकट देतो ती टॉप लिंक.

१९३८ साली फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी या जोडणीवर ट्रॅक्टर काढायचं ठरवलं, तेही हस्तांदोलनावर. कागद नाही, सही नाही. पुढे फोर्डच्या नातवाच्या काळात व्यवहार फिसकटला, कोर्टकचेरी झाली आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड. हा किस्सा ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बांध कोरला असता तर मी समजू शकलो असतो."

फर्ग्युसनच्याच छोट्या ट्रॅक्टरवर बसून एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. चाकांवर पट्टे चढवले होते आणि वाऱ्याला अडवायला कापडाचा आडोसा केला होता. "म्हणजे टप तिथंही लागलाच," असं पुतण्या म्हणाला.

तर एवढं सगळं फर्ग्युसनने केल्यावर पुन्हा बिडाचे ठोकळे कशाला? कारण त्याची युक्ती जमिनीत शिरलेल्या अवजाराची. ब्लोअर जमिनीत शिरत नाही, हवेत लटकतो. त्याला माती धरत नाही, फक्त पृथ्वी ओढते. तिथे पुढे ठोकळेच हवेत. पुढच्या आसाच्याही पुढे टांगलेलं शंभर किलो पुढच्या चाकांना सव्वाशेच्या वर भरतं. नुसतं असण्याच्या धंद्यात हा नफा वाईट नाही. आमच्या हिशेबाने तीन-चार ठोकळ्यांत भागलं असतं. पुतण्याने पाचही घ्यायला लावले, कारण चार लावले तर पट्टीवर पाचव्याची जागा पडलेल्या दातासारखी दिसते.

अण्णा हरणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी टायरमध्ये पाणी भरायचा सल्ला दिला. "फुकटचं वजन. विहिरीचं पाणी, लोखंडाचा बाप." फुकट हा शब्द ऐकताच दादा सावरून बसले. पण मागच्या टायरमधलं पाणी बसतं ते मागच्या आसाभोवती. ट्रॅक्टर उलाळ होतो तोही त्याच आसावर. ज्या खुंटीवर फळी डुलते तिथेच वजन ठेवलं तर एक बाजू उचललेली खाली येत नाही. अण्णांना हे कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "माझ्याकडं असंच चालतं."

पाण्याचा उपयोग वेगळा, चाक घसरू नये यासाठी. आणि द्राक्षात चाक घसरण्याचे दिवस ठरलेले. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डावणीचा रोग येतो. डावणी आली की पाऊस उघडायची वाट पाहता येत नाही, ओल्या काळ्या जमिनीतच औषध मारायला शिरावं लागतं. तेव्हा चाकाची पकड किती, हे मोजायची एक सोपी रीत आहे आणि ती करताना गर्दी जमते. मागच्या टायरवर चुन्याचा पट्टा ओढायचा. पाच फणी जमिनीत घालून चाकाचे बरोबर दहा फेरे होईतो चालवायचं, सुरुवातीला आणि शेवटाला खुंटी ठोकायची. मग फणी उचलून तेवढंच अंतर मोकळं चालवायचं आणि फेरे मोजायचे. साडेआठ ते नऊ आले तर उत्तम. दहाच्या जवळ आले तर ट्रॅक्टर फुकट जड आहे, डिझेल वजन वाहण्यात चाललंय. साडेआठच्या खाली आले तर चाक जागच्या जागी माती उगाळतंय.

दादा चाकाशेजारून चालत मोजत होते, पुतण्या सीटवरून, अण्णा बांधावरून. दादांचे साडेआठ भरले. अण्णांचे नऊ. पुतण्याचे किती भरले ते कळलं नाही, कारण सहाव्या फेऱ्याला त्याला फोन आला. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, खुंटीजवळ जाऊन चुन्याचा पट्टा कुठे थांबलाय ते पाहिलं आणि सांगितलं, "आठ, आणि वर चार बोटं." पुन्हा चालवून पाहिलं. आठ आणि वर चार बोटं. अण्णांनी चहा घेतला आणि म्हणाले, "म्हणजे पाणी भरायलाच पाहिजे. मी आधीपासून हेच सांगतोय." हे खरं होतं, आणि त्यावर कुणाला काही बोलता येईना.

टायरवाला आला. त्याने मागची बाजू जॅकवर उचलली, व्हॉल्व्ह वर येईल असं चाक फिरवलं, व्हॉल्व्हची पिन काढली आणि पंपाने पाणी भरायला सुरुवात केली. व्हॉल्व्हपर्यंत पाणी आलं की थांबायचं. साधारण तीन हिस्से पाणी, एक हिस्सा हवा. दादा म्हणाले, भरतोच आहेस तर काठोकाठ भर. त्याने नाही सांगितलं. पाणी दबत नाही, हवा दबते. काठोकाठ भरलं तर टायर दगड होतो आणि प्रत्येक ढेकूळ थेट चालकाच्या मणक्यात पोचतो.

थंड देशांत टायरमधलं पाणी गोठतं, म्हणून तिकडे आत मिठाचं द्रावण भरतात, आणि अमेरिकेत चक्क बीटाचा रस. हे मी पंपाच्या शेजारी उभा राहून सांगितलं आणि चूक केली असं म्हणणार नाही, पण काम अर्धा तास थांबलं. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली; बागा गारठू नयेत म्हणून आम्ही पहाटे शेकोट्या पेटवतो. तेव्हा रस भरायचाच तर द्राक्षाचा का नको, असा प्रश्न निघाला. टायरवाल्याने शंका काढली की तो आत आंबला तर? त्यावर पुतण्याने नाशिकच्या वाईन पर्यटनाची एक शाखा आमच्या शेडमध्ये उघडण्यापर्यंत योजना नेली. शेवटी विहिरीचं पाणीच भरलं.

मग कृषी सल्लागार आले. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, ठोकळ्यांवर बोट वाजवलं, टायर पायाने चाचपला आणि विचारलं, "एवढं वजन? जमीन दबते. मुळ्यांना हवा कुठून मिळणार?" दादांनी मुळ्यांचं नाव ऐकताच माझ्याकडे पाहिलं. सल्लागारांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चाक नेहमी त्याच पट्ट्यातून जातं, तिथली ओली माती वरच्या भाराने घट्ट होत जाते. ब्लोअर लावलेला असेल तेव्हा पुढची वजनं लावा, नसेल तेव्हा काढा, असं ते म्हणाले. हे प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेलं असतं. वीस-वीस किलोचे पाच ठोकळे रोज संध्याकाळी उतरवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्याकडे ते एकदाच उतरले, तेही अण्णा मागायला आले म्हणून.

अण्णांचाही ब्लोअर त्याच मापाचा. पावसात त्यांच्या ट्रॅक्टरने तोंड वर केलं आणि त्यांची ताणाची तार आमच्या तारेसारखी वाचली नाही. ते सकाळी आले, लोखंडाबद्दल काही बोलले नाहीत, हवामानाबद्दल बरंच बोलले आणि उठता उठता म्हणाले, "दोन दे. दोन दिवसांसाठी." पुतण्याने दोन्ही टोकांचे ठोकळे काढून दिले, म्हणजे मधले तीन सारखे दिसतात.

दोन दिवस कधीच होऊन गेले. डावणी आटोक्यात आली, लाल कांदा निघाला. एक ठोकळा अण्णांच्या बंपरवर दिसतो. दुसरा त्यांच्या खळ्यात कांद्याच्या ढिगावर घातलेली ताडपत्री दाबायला ठेवलाय, आणि तिथे तो चोख काम करतो हे मान्य केलं पाहिजे. दादांनी परवा बांधावरून हाक मारून विचारलं, "अण्णा, आमची वजनं?"

"आहेत की," अण्णा म्हणाले. "जातायत कुठं? वीस-वीस किलोची धुडं. चोरालासुद्धा परवडायची नाहीत."